नेत्याच्या खासगी रोजनिशीतून नेमके काय कळते?

सीवूड्सवासी

नमस्कार. आमच्या वाचक-मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी 'राष्ट्रीय नेत्यांच्या रोजनिशा' हा विषय ठरला असून प्रास्ताविक करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. तयारी म्हणून कॅनडाचे पंतप्रधान विल्यम लायन मॅकेन्झी किंग यांच्या रोजनिशीतील निवडक भाग वाचायला घेतला. वाचता वाचता शंका फिटण्याऐवजी वाढत गेल्या, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांनी किंग यांच्याविषयी फारसे वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. हे गृहस्थ एकूण एकवीस वर्षांहून अधिक काळ कॅनडाचे पंतप्रधान होते आणि दुसऱ्या महायुद्धाचा सारा काळ देशाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. विद्यार्थी असताना १८९३ मध्ये त्यांनी रोजनिशी लिहायला घेतली आणि १९५० मध्ये मृत्यू होईपर्यंत ती चालू ठेवली. तिची पाने तीस हजारांच्या घरात जातात. हयातीत त्यांची ख्याती सावध, रुक्ष आणि कोणत्याही प्रश्नावर स्वतःला बांधून न घेणारा राजकारणी अशी होती. मृत्यूनंतर जी माहिती बाहेर आली तिने मात्र लोक थक्क झाले. आजन्म अविवाहित असलेले हे पंतप्रधान आपल्या दिवंगत आईशी, भावंडांशी आणि जुन्या राजकीय गुरूंशी प्लँचेटसारख्या बैठकांतून बोलत असत, स्वप्नांचे अर्थ लावत असत, घड्याळाचे दोन्ही काटे एका रेषेत दिसले की त्याला शुभसंकेत मानून त्याची नोंद करत असत, आणि पॅट नावाच्या कुत्र्याविषयी ज्या जिव्हाळ्याने लिहीत असत तो जिव्हाळा मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येई. जून १९३७ मध्ये ते बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले, आणि हा माणूस आपल्या देशावर व देशबांधवांवर मनापासून प्रेम करणारा आहे, असे त्यांनी त्या भेटीनंतर लिहून ठेवले.

आमच्या मंडळात यावरून सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की रोजनिशीत दिसतो तोच खरा माणूस, आणि संसदेत व सभांत दिसणारा केवळ मुखवटा. दुसऱ्या बाजूला हे वाचणेच गैर वाटते; नेत्याला त्याच्या कामावरून जोखावे, त्याच्या उशाखालची वही उघडू नये, असे ती मंडळी म्हणतात. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, पण का, ते नीट मांडता येत नाही. त्यातच असे वाचले की, ज्या भागांवर आपण खूण करू तेवढेच राखून बाकीची रोजनिशी नष्ट करावी, अशी सूचना किंग यांनी मृत्युपत्रात दिली होती. परंतु खुणा करायच्या राहून गेल्या आणि विश्वस्तांनी सगळीच रोजनिशी जपून ठेवली.

तर अशा रोजनिशीतून नेत्याविषयी विश्वासाने काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही? आपल्याकडची, शक्यतो महाराष्ट्राशी संबंध असलेली उदाहरणे मिळाली तर बैठकीत अधिक रंग भरेल.

पारसिकची

मी अनेक वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. रोजनिशी हे साधन विद्यार्थ्यांच्या हाती देताना मी त्यांना आधी एकच गोष्ट शोधून आणायला सांगत असे: लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचक कोण होता? वाचकच नाही अशी रोजनिशी फार विरळा, आणि राजकारणी माणसाची तर जवळजवळ नसतेच.

किंग यांचेच पाहा. साधारण १९३५ पासून त्यांच्या बहुतेक नोंदी त्यांच्या हस्ताक्षरात नाहीत. ते तोंडी सांगत आणि सचिव त्या टंकलिखित करत. म्हणजे सहकाऱ्यावरचा राग आणि रात्री पडलेले स्वप्न सांगतानाही समोर पगारी माणूस बसलेला असे. शिवाय निवृत्तीनंतर याच नोंदींच्या आधारे आत्मचरित्र सिद्ध करण्याचा त्यांचा बेत होता. तेव्हा ही वही काही प्रमाणात दफ्तर आहे, काही प्रमाणात पुढच्या पिढीसमोर मांडलेला बचाव आहे आणि काही प्रमाणात एकट्या माणसाचे स्वगत आहे. एकाच पानावर या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या सापडतात, त्यामुळे 'हाच खरा किंग' असे बोट ठेवून सांगणे धाडसाचे ठरेल.

गांधीजींच्या भोवतालच्या रोजनिशांत तर वाचक उघडउघड हजर असतो. आपल्या सहवासातील माणसांनी रोजनिशी लिहावी असा त्यांचा आग्रह असे आणि ते ती स्वतः वाचतही असत. मनूबेन गांधी यांच्या रोजनिशीच्या पानांवर 'बापू' अशी सही आढळते. ज्या वहीवर तिच्यातीलच मुख्य व्यक्तीची सही आहे तिला खासगी म्हणावे का, याचा विचार तुमच्या मंडळाने जरूर करावा. दुसऱ्या टोकाला राणी व्हिक्टोरिया. तिच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी राजकन्या बिअॅट्रिस हिने आईची रोजनिशी स्वतःच्या हाताने उतरवून काढली, नकोसे वाटले ते गाळले आणि मूळ वह्या बहुतांशी जाळून टाकल्या. त्यामुळे आज आपण राणीची म्हणून जी रोजनिशी वाचतो तिच्यातील मौन राणीचे किती आणि लेकीचे किती, हे सांगता येत नाही.

मौनावरून एक मराठी उदाहरण आठवते आणि त्यावर जरा रेंगाळते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. टिळकांना १९०८ मध्ये मंडालेची शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी दादासाहेब इंग्लंडला जाऊन राहिले होते. परतल्यावर डिसेंबर १९१० मध्ये ते शिर्डीला गेले आणि पुढच्या डिसेंबरापासून मार्च १९१२ पर्यंत पुन्हा तेथेच मुक्काम करून राहिले. त्यांना रोज लिहिण्याची सवय होती, आणि त्या मुक्कामाच्या नोंदी पुस्तकरूपाने आल्या असल्यामुळे अनेक मराठी घरांत त्या परिचित आहेत. साईबाबांची दिनचर्या, मशिदीतील बोलणी, आरती, सकाळची प्रार्थना, ग्रंथवाचन, कोण आले आणि कोण गेले, हे सारे तीत बारकाईने आहे. मंडालेत खितपत पडलेल्या मित्राविषयी आणि ज्या राजकारणात उभे आयुष्य घालवले त्याविषयी मात्र फारच थोडे आहे. हे वैराग्य मानायचे, की वही सरकारच्या हाती पडू शकते याचे भान? इतिहासाचा अभ्यासक दोन्ही शक्यता उघड्या ठेवील, परंतु या मौनाची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. भक्तिभावाने वाचणाऱ्याला आणि राजकारण शोधणाऱ्याला एकाच पुस्तकात दोन वेगळी माणसे भेटतात, ती यामुळे.

आता विश्वासाने काय म्हणता येते याविषयी. माझ्या मते रोजनिशी स्वभावापेक्षा तारखेचा पुरावा म्हणून अधिक भरवशाची असते. त्या दिवशी त्या माणसाला काय ठाऊक होते आणि मुख्य म्हणजे काय ठाऊक नव्हते, हे आत्मचरित्रातून कधीच निर्भेळ मिळत नाही, कारण आत्मचरित्र लिहिणाऱ्याला पुढचे सगळे माहीत झालेले असते. किंग यांचा हिटलरविषयीचा अभिप्राय याच कारणासाठी मोलाचा आहे. १९४५ नंतर लिहिलेल्या कोणत्याही आठवणींत ते वाक्य आले नसते.

जयप्रकाश नारायण यांची तुरुंगातील रोजनिशी त्याच दृष्टीने वाचावी. जून १९७५ मध्ये अटक झाल्यावर चंडीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध असताना, २१ जुलैला त्यांनी पहिली नोंद केली आणि आपले जग आजूबाजूला उद्ध्वस्त होऊन पडले आहे असे लिहिले. आपला आडाखा कुठे चुकला याचीही तेथे मीमांसा आहे: लोकशाहीतील पंतप्रधान शांततामय आंदोलन मोडण्यासाठी सगळे बरेवाईट कायदे वापरतील, पण लोकशाहीच मोडीत काढतील, असे त्यांना वाटले नव्हते. हे लिहिताना १९७७ ची निवडणूक होईल, आणि तिचा निकाल काय लागेल, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. विजयानंतर लिहिलेल्या प्रस्तावनेत हा सूर उतरत नाही.

यशवंतराव चव्हाणांचे आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या टप्प्यापाशीच थांबते, त्यामुळे संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्या मनात काय चालले होते हे त्यातून समजत नाही. १९६५ च्या युद्धकाळातील त्यांची रोजनिशी त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये पुस्तकातून पुढे आणली. खेमकरण-कसूर आघाडीवर पाकिस्तानने जोराचा प्रतिहल्ला चढवला त्या दिवसांतील एका नोंदीत, लष्करप्रमुख स्वतःविषयी काहीसे साशंक दिसले आणि आपण त्यांना आघाडीवर जाऊन प्रत्यक्ष परिस्थिती पाहण्याचे सुचवले, असे चव्हाणांनी लिहिले आहे. एवढ्या मोठ्या प्रसंगावर अवघी दोन-तीन वाक्ये, आणि त्यांत आदळआपट नाही. पुढचा इतिहास माहीत असणाऱ्याने ही नोंद लिहिली असती तर ती एवढी आटोपशीर राहिली नसती.

कोर्टनाका

पारसिकताईंच्या प्रतिसादानंतर बोलायचे म्हणजे अवघड आहे, पण वकिलाच्या चष्म्यातून थोडी भर घालतो. खासगी वहीवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा आहे आणि त्याची उत्तरे इतिहासाच्या वाचकालाही उपयोगी पडतील असे वाटते.

१८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे असे एक तत्त्व म्हणजे, माणसाने स्वतःच्या विरुद्ध केलेले विधान त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचता येते; पण स्वतःच्या सोयीचे विधान त्याला स्वतःच्याच बाजूने, काही अपवाद वगळता, पुढे करता येत नाही. 'मी अमक्याला सल्ला दिला आणि तो किती योग्य ठरला' अशा नोंदी रोजनिशीत खंडीभर सापडतात. त्यांचे वजन कमी धरावे. 'माझा अंदाज साफ चुकला' ही नोंद अधिक वजनाची. वर दिलेला जयप्रकाशांचा दाखला या कसोटीला उतरतो.

दुसरे तत्त्व तिसऱ्या माणसाविषयीच्या नोंदींचे. वाण्याच्या खतावणीत एखाद्याच्या नावावर उधारी मांडलेली आहे एवढ्यावरून ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही. दुसरा पुरावा लागतो. १९९१ मध्ये छाप्यात सापडलेल्या आणि पुढे देशभर गाजलेल्या जैन बंधूंच्या हवाला व्यवहारांच्या वह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हेच सांगितले: वहीतील आद्याक्षरे आणि आकडे यांच्या बळावर, स्वतंत्र पुराव्याशिवाय, दुसऱ्या कोणावर जबाबदारी टाकता येत नाही. या न्यायाने चव्हाणांची नोंद तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांच्याविषयी काही सिद्ध करत नाही. त्या दिवशी संरक्षणमंत्र्यांना लष्करप्रमुख कसे वाटले आणि तसे वाटल्यावर त्यांनी काय केले, एवढेच ती सांगते. तेवढेही पुष्कळ आहे.

महाराष्ट्राशी संबंधित उदाहरण मागितले आहे, तर आपल्या अंगणातलेच एक सांगतो. वासुदेव बळवंत फडके मूळचे शिरढोणचे, म्हणजे पनवेलच्या अगदी शेजारचे. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत असताना आई अत्यवस्थ झाली तेव्हा त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ त्यांनी गावोगाव फिरून डोळ्यांनी पाहिला, आणि मग रामोशी व इतर साथीदारांना घेऊन बंड उभारले. पळापळीच्या काळात १८७९ मध्ये त्यांनी स्वतःचे आत्मवृत्त आणि रोजनिशी लिहिली. ही कागदपत्रे पोलिसांच्या हाती पडली आणि पुण्यातील खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. सार्वजनिक काकांसारखा वकील बचावासाठी उभा राहिला, तरी आरोपीच्या स्वतःच्या लेखणीपुढे तो काय करणार? जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. एडनला रवाना करण्यापूर्वी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवले होते. तो तुरुंग म्हणजे आपला ठाण्याचा किल्ला. १८८३ मध्ये एडनलाच त्यांचा अंत झाला.

या लिखाणात आपल्या साथीदारांविषयीची निराशा त्यांनी लपवलेली नाही. आपण स्वराज्यासाठी पैसा उभा करू पाहतो आणि बरोबरच्या माणसांचा जीव लुटीच्या वाटणीत अडकलेला आहे, ही खंत त्यात आहे. आपल्याला यश आले नाही याबद्दल देशबांधवांकडे केलेली क्षमायाचनाही आहे. सरकारी वकिलाला त्यात कट दिसला, कारण त्याला तेवढेच हवे होते. आज वाचणाऱ्याला त्याच ओळींत आपल्याच बंडाचे अपयश समोर दिसत असलेला पुढारी दिसतो. आणखी एक विचित्र योग असा की हे लिखाण टिकले ते सरकारने पुरावा म्हणून जपले म्हणून. मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करायला घेतली तेव्हा १९५७ च्या पहिल्या खंडात ते आले.

घोडबंदरचा वाटसरू

एवढ्या गंभीर चर्चेत थोडे पाणी ओततो, माफ करा. आधी वही खरी आहे का ते तरी पाहावे! १९८३ च्या एप्रिलमध्ये एका जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याची दवंडी पिटली, त्यासाठी नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले, एका नामवंत इंग्रज इतिहासकाराने त्या खऱ्या असल्याचा निर्वाळाही दिला. आणि दोन आठवडे होतात न होतात तोच जर्मन सरकारच्या अभिलेखागाराने कागद युद्धानंतरचा असल्याचे दाखवून दिले. लोकांना हुकूमशहाच्या मनात डोकावण्याची एवढी घाई होती की वहीच्या मुखपृष्ठावरील आद्याक्षर चुकीचे आहे, हेही कोणाला खटकले नाही.

वही खरी असली तरी ती कशाची आहे हे पाहावे लागते. फ्रान्सचा सोळावा लुई बास्तीलचा तुरुंग जमावाने घेतला त्या दिवशी, १४ जुलै १७८९ रोजी, 'काही नाही' असे लिहून मोकळा झाला म्हणून त्याची आजवर चेष्टा होते. ती वही प्रामुख्याने शिकारीची होती. त्या दिवशी शिकार झाली नव्हती, एवढाच तिचा अर्थ.

आणि एक शंका. माणूस खासगीत जे बरळतो त्यावरून त्याच्या कारभाराचा अंदाज बांधता येतो का? अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांची १९४७ सालची एक वही त्यांच्याच ग्रंथालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होती आणि २००३ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आली. तिच्यात ज्यू लोक फार स्वार्थी असतात अशी जळजळीत नोंद आहे. त्याच ट्रुमन यांनी पुढच्या वर्षी मे महिन्यात, इस्रायलची घोषणा झाल्यावर अवघ्या अकरा मिनिटांत त्या राष्ट्राला मान्यता दिली. वही वाचून भविष्य वर्तवणारा ज्योतिषी येथे तोंडावर आपटला असता.

सीवूड्सवासी

सर्वांचे आभार. कोर्टनाका साहेब, तुमची पहिली कसोटी फार उपयोगाची आहे, पण तिच्याविषयी एक हरकत नोंदवतो. न्यायालयात स्वतःविरुद्ध बोलण्याची किंमत मोजावी लागते, म्हणून तेथे कबुलीला वजन येते. रोजनिशीत तशी किंमत नसते. उलट स्वतःला दोष देण्यात एक प्रकारचे सुख आणि मोठेपणाही असतो. आपण किती प्रामाणिक आहोत हे स्वतःलाच पटवून देता येते. किंग आपल्या आळसाबद्दल आणि दुबळेपणाबद्दल स्वतःला वारंवार कोसतात आणि दुसऱ्या दिवशी तसेच वागतात. तेव्हा आत्मनिंदा ही कबुली मानावी की भूमिका? नेत्याच्या बाबतीत हा फरक कसा ओळखायचा?

कोपरीकर

तुमची हरकत रास्त आहे. तिला थेट उत्तर देण्याऐवजी अहमदनगरच्या किल्ल्यातील एक उदाहरण देतो, कारण तेथे ही गोष्ट खुद्द लिहिणाऱ्यानेच ओळखली आहे.

'छोडो भारत'च्या ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना मुंबईहून थेट त्या किल्ल्यात नेले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या आणि आपले शंकरराव देव ही मंडळी तेथे होती. एका आवारात कोंडलेली ही माणसे आपापल्या खोलीत लिहीत बसत. नेहरूंचा 'भारताचा शोध' सर्वांना माहीत आहे. त्याच काळातील त्यांची तुरुंगातील रोजनिशी मात्र फार कमी लोक वाचतात. ती त्यांच्या निवडक लेखनाच्या खंडांत आली आहे. तिच्यात बाग आहे, फुले आहेत, सहकाऱ्यांच्या सहवासाचा कंटाळा आहे आणि १९४४ मध्ये गांधीजींनी बाहेर ज्या तऱ्हेने वाटाघाटी चालवल्या होत्या त्याविषयीची तीव्र नाराजीही आहे. जाहीरपणे गांधीजींविरुद्ध अवाक्षर न काढणारे नेहरू येथे घुसमटलेले दिसतात.

मौलाना आझादांची रीत वेगळी. त्यांनी रोजनिशी न लिहिता एका स्नेह्याला पत्रे लिहिली आणि ती पाठवता येत नसल्यामुळे बाजूला ठेवली. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. पहाटेचा चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, असे त्यातील विषय सर्वतोमुखी आहेत. मला येथे सांगायचे आहे ते एप्रिल १९४३ मधील पत्राविषयी. कलकत्त्याला त्यांची पत्नी झुलेखा बेगम मृत्युशय्येवर होती. तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले की सरकारकडे काही मागणे असेल तर मी ते ताबडतोब पोचवतो. मौलानांनी स्पष्ट सांगितले की मला सरकारकडे काहीही मागायचे नाही.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही चरित्रात शोभली असती. पण पत्र तेवढ्यावर थांबत नाही. बंदी मंडळींनी ज्याला 'चित्ता खान' असे नाव ठेवले होते तो अधिकारी रोज ठरलेल्या वेळी वर्तमानपत्रे घेऊन येई. मौलाना दाराकडे पाठ करून बसलेले असत. त्याच्या पावलांचा आवाज आला की आज काय बातमी असेल या धास्तीने काळीज धडधडू लागे, परंतु मान वळवायची नाही, घाई करायची नाही, नेहमीच्या शांतपणाने काम चालू ठेवायचे, असा निग्रह ते करत. आणि मग ते स्वतःच लिहितात की हा सारा देखावा होता. आपल्या धीरगंभीरपणाला अस्वस्थतेचा डाग लागू नये म्हणून मनातील अहंकार हे नाटक वठवत होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे पत्र देखण्या उर्दूत, घोटून घोटून लिहिलेले आहे, म्हणजे आत्मपरीक्षण करतानाही शैलीचा तोल ढळलेला नाही. त्यामुळे 'ही कबुलीसुद्धा भूमिकाच' असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मी फक्त तपशील पाहतो. 'मी दुबळा आहे, मी पापी आहे' असे मोघम दोषारोप स्वतःवर करायला काही पडत नाही. दाराकडे केलेली पाठ, पावलांचा आवाज आणि न वळलेली मान, हे लिहायला तो क्षण पुन्हा जगावा लागतो. नेत्याची आत्मनिंदा मोघम असेल तर तिच्याकडे साशंकपणे पाहावे. ती एखाद्या विशिष्ट दिवशीच्या विशिष्ट कृतीला चिकटलेली असेल तर तिच्यात काही तथ्य असण्याचा संभव अधिक. किंग यांचे रडगाणे बहुतेक पहिल्या प्रकारचे असावे, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

एकाच भिंतीआड, एकाच दिवसांत लिहिणाऱ्या या दोघांना शेजारी ठेवले म्हणजे रोजनिशीची मर्यादाही ध्यानात येते. नेहरूंच्या वहीतील आझाद आणि आझादांच्या पत्रांतील आझाद हे एकमेकांशी जुळतातच असे नाही.

पारसिकची

कोपरीकरांनी सांगितलेली तपशिलाची कसोटी मला पटली. मृत्युपत्राचा मुद्दा अनुत्तरित राहिला होता, त्याविषयी माझे मत सांगते आणि वाटसरूंच्या ट्रुमनकडे वळते.

किंग यांच्या विश्वस्तांनी रोजनिशी राखली हे योग्यच झाले, असे मी मानते. ज्याने दोन दशके देश चालवला तो मृतात्म्यांच्या सल्ल्याने निर्णय घेत होता का, हे जाणून घेण्याचा नागरिकांना अधिकार आहे. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा आढळले ते असे की आत्मे बहुधा किंग यांना आधीच हवे असलेले उत्तर देत. धोरण त्यांच्यामुळे बदलले असे सहसा दिसत नाही. म्हणजे अफवेपेक्षा रोजनिशीनेच त्यांना अधिक न्याय दिला. वही जाळली असती तर केवळ प्लँचेटची कुजबूज शिल्लक उरली असती. मात्र हाच न्याय मी मनूबेनसारख्या, स्वतः सत्तेवर नसलेल्या आणि वयाने लहान असलेल्या व्यक्तीच्या वहीला लावणार नाही. तेथे छापण्याआधी आणि वाचण्याआधीही हात आखडता घेतलेला बरा.

ट्रुमन यांच्या बाबतीत १९४७ च्या नोंदीपेक्षा मोलाची एक नोंद आहे, आणि कोर्टनाका साहेबांच्या दुसऱ्या पुराव्याच्या आग्रहासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. पॉट्सडॅमच्या परिषदेत असताना २५ जुलै १९४५ रोजी त्यांनी लिहिले की जगाच्या इतिहासातील सर्वांत भयंकर बाँब आपल्या हाती आला आहे, तो लष्करी लक्ष्यांवर आणि सैनिकांवरच टाकावा, स्त्रिया व मुलांवर टाकू नये, असे आपण युद्धमंत्र्यांना सांगितले आहे. हे सोयीचे विधान आहे हे उघड आहे, पण ते खोटे आहे असे म्हणायला वहीत काही आधार सापडत नाही. कदाचित त्यांचा तसा विश्वास होता, कदाचित तसा विश्वास ठेवणे त्यांना गरजेचे वाटत होते. मे महिन्याच्या अखेरीस त्यांच्याच सल्लागार समितीने, कामगारांच्या घरांनी वेढलेला एखादा महत्त्वाचा युद्धोपयोगी कारखाना हे सर्वांत योग्य लक्ष्य ठरेल, असे मत नोंदवले होते. आणि ज्या लष्करी आदेशात हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नागासाकी या शहरांची नावे लक्ष्य म्हणून दिली आहेत त्यावरची तारीख २५ जुलै हीच आहे. सीवूड्सवासी, बैठकीत रोजनिशीचे ते पान आणि तो आदेश दोन्ही प्रती काढून सदस्यांना एकदमच द्या, आणि कोणता कागद ट्रुमन यांच्याविषयी अधिक सांगतो यावर त्यांना बोलू द्या. तुमच्या मंडळातील दोन्ही तटांना त्यावर बोलण्यासारखे बरेच सापडेल.